पाचवीतला ‘लेफ्ट’ आणि दोन वर्षांची बिनपगारी रजा : एका एमएडचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच स्टाफरूममधलं आहे. जिचं आहे तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्यात. आमच्याकडे शाळेत बाईंना सगळे टीचरच म्हणतात, म्हणून इथेही तिला टीचरच म्हणते. मी तिच्यापेक्षा बरीच सीनियर आहे आणि या प्रकरणात मी नुसती बघत नव्हते, एक सल्ला मी दिला होता आणि तो चुकीचा होता, तेही लिहिणार आहे. नोकरीत असताना कॅम्पसवर जाऊन एमएड, म्हणजे बीएडनंतरची शिक्षणशास्त्रातली मास्टर्स, करायचा विचार ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी हे लिहिलंय.

पार्श्वभूमी

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी. टीचर बीएस्सी बीएड, गणित शिकवायची. नवरा कंपनीत शिफ्टला, घरी सासूबाई, मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची. नोकरीला सव्वाचार वर्षं झालेली, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गोव्याबाहेरच्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी नाहीतर कोंकणी माध्यमाच्या, त्या चौथीपर्यंत. पाचवीला पोर हायस्कूलमध्ये आलं की बहुतेक ठिकाणी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं इंग्रजी होऊन जातं, गणित, विज्ञान, सूचना, प्रश्नपत्रिका, सगळंच. चौथीत ‘बेरीज, वजाबाकी, हातचा’ आणि जूनमध्ये ‘अ‍ॅडिशन, सबट्रॅक्शन, कॅरी’.

एकदा पाचवीच्या चाचणीत एक गणित होतं, टोपलीत 45 आंबे, 18 विकले, आणि शेवटचं वाक्य ‘हाऊ मेनी मँगोज आर लेफ्ट’. एका मुलाने टोपलीचं छान चित्र काढलं, त्यात मधोमध रेघ मारली आणि डावीकडचे आंबे मोजून उत्तर लिहिलं. टीचरने त्याला जवळ बोलावून विचारलं तर त्याने डावा हात वर केला आणि म्हणाला, “टीचर, लेफ्ट म्हणजे हो न्हय?” म्हणजे ‘हाच ना?’ पीटीच्या तासाला रोज लेफ्ट-राईट, लेफ्ट-राईट करणारा मुलगा तो, त्याचं काय चुकलं. तेच गणित तिने तिथल्या तिथे मराठीत सांगितलं, “बाबा, किती उरले?” तर पेन्सिल न उचलता सत्तावीस म्हणाला.

तो पेपर घेऊन ती स्टाफरूममध्ये आली आणि आमच्यापुढे ठेवला. आम्ही हसलो, खरं सांगते. ती हसली नाही. तिचं म्हणणं होतं की दर वर्षी आपण अशा पोरांना ‘गणितात कच्चा’ म्हणून नववीपर्यंत ढकलतो आणि बीएडला आपल्याला ह्याबद्दल एक दिवससुद्धा कुणी शिकवलं नव्हतं, मग शिक्षकांना जे शिकवतात त्यांना तरी हे माहीत आहे का? एमएडचं तिथून सुरू झालं. तिला दोन गोष्टी हव्या होत्या, ह्या प्रश्नाचा नीट अभ्यास करायचा आणि पुढेमागे बीएड कॉलेजात शिकवायचं. दोन्ही गोष्टी एकाच डिग्रीत मिळतील असं ती धरून चालली होती, आम्हीही.

अडचण

एमएड म्हणजे संध्याकाळी क्लास करून होणारी डिग्री नाही. एनसीटीई म्हणजे शिक्षक-शिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद, तिच्या 2014 च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांचा पूर्णवेळ कोर्स आहे, चार सेमिस्टर, वर्षाला 200 कामाचे दिवस, आठवड्याला कमीत कमी 36 तास संस्था चालली पाहिजे. हजेरी थिअरी आणि प्रॅक्टिकमला (प्रात्यक्षिकांना) 80 टक्के, फील्डच्या कामाला 90 टक्के. पूर्वी हाच कोर्स एका वर्षाचा होता त्यामुळे आमच्या वयाच्या लोकांच्या डोक्यात अजून ‘एक वर्ष कसंबसं काढायचं’ असंच बसलेलं असतं.

म्हणजे नोकरी करता करता हे होणार नाही, पहिल्याच दिवशी स्पष्ट होतं. पगार बंद झाला तर घरात एकाचाच पगार. सोसायटीचं लोन चालू, त्याचा हप्ता पगारातून कापला जायचा. आणि मुलगी लहान.

पर्याय

चार-पाच रस्ते होते. ती वहीत प्रत्येकाला एक पान देऊन दोन महिने लिहीत बसली होती.

पहिला रस्ता मी सुचवलेला. गोव्याबाहेरच्या एका कॉलेजची माहिती माझ्या ओळखीतून आली होती, तिथे फी थोडी जास्त भरायची, परीक्षेला आणि सबमिशनला जायचं, ‘हजेरीचं आम्ही बघतो’. मी तिला म्हटलं, अगं सगळे असंच करतात, नोकरी पण राहील पगार पण राहील, कशाला जीव काढतेस. मला मनापासून वाटत होतं की मी तिचं भलं करतेय. ती म्हणाली, मॅडम, मी तिकडे शिकायला जातेय, आणि शिकवणाऱ्यांना शिकवायचं म्हणते तर माझी स्वतःचीच हजेरी खोटी कशी असेल? नंतर तिने व्यवहाराची बाजूही सांगितली, की ज्या दिवशी मी एमएडच्या वर्गात बसले होते असं कागद म्हणेल त्याच दिवशी इथल्या मस्टरवर माझी सही असणार, उद्या कुणी दोन कागद शेजारी ठेवले तर डिग्रीही गेली आणि नोकरीही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. असा सल्ला मी आधी आणखी दोघांना दिला होता, त्याचं आजही वाईट वाटतं.

दुसरा रस्ता इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एमए एज्युकेशन, घरी राहून, सगळं कायदेशीर. हा तिने अर्ध्या पानात निकालात काढला, “ते एमएड नाही” एवढंच लिहून. हा निर्णय घाईचा होता, ते पुढे येईलच.

तिसरा भोपाळचं रिजनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन, एनसीईआरटीचं. गोवा त्यांच्याच विभागात येतो हे आमच्याकडे फार जणांना माहीतच नसतं. एंट्रन्स देऊन जाता येतं, कॅम्पसही मोठा. पण मुलीला ताप आला तर भोपाळहून पेडण्याला यायचं म्हणजे फार लांबचा प्रवास, इथे तिने पेन खाली ठेवलं.

चौथा, थांबायचं. आमच्या ऑफिसमधल्या क्लार्कने रजेच्या नियमांचं पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवलं. स्टडी लीव्हला सलग पाच वर्षं सर्व्हिस लागते, एका वेळी साधारण 12 महिने आणि अख्ख्या नोकरीत 24 महिने मिळू शकते, परत येऊन तीन वर्षं नोकरी करायचा बॉण्ड द्यावा लागतो. तिची सव्वाचार वर्षं झालेली. म्हणजे नऊ महिने थांबली असती तर पगारी रजेसाठी निदान अर्ज तरी करता आला असता. मंजूर झाली असती की नाही कोण सांगणार, पण अर्ज करता आला असता.

पाचवा, बिनपगारी म्हणजे असाधारण रजा. तीन वर्षं सर्व्हिस झालेल्याला शिक्षणासाठी 24 महिन्यांपर्यंत ती देता येते, त्यात ती बसत होती. पगार शून्य, इन्क्रिमेंट पुढे जाणार, पण नोकरी शाबूत.

राजीनाम्याचा विषय एकदा निघाला होता, सासूबाईंनी तो तिथेच बंद केला. “चूल पेटती ठेवून काय ते कर” म्हणाल्या.

पहिला निर्णय : थांबायचं की जायचं

ती थांबली नाही. कारण विचारलं तर म्हणाली, मुलगी आता बालवाडीत आहे, पहिलीत गेली की मला तिला सोडून जाता येणार नाही, आणि सासूबाईंचे गुडघे आज चालतायत. नियमांच्या पुस्तकात पाच वर्षांची अट होती, घरातली मुदत त्याच्याआधी संपत होती. हे बाहेरून बघणाऱ्याला नाही कळत. मला अजूनही वाटतं की नऊ महिने थांबायला हवं होतं, तिला वाटतं नाही, यावर आमचं एकमत झालेलं नाही.

2022 ला तिने महाराष्ट्राची एमएडची सीईटी दिली, राज्याबाहेरची उमेदवार म्हणून, आणि कोल्हापूरकडच्या एका कॅम्पसवर नंबर लागला. बांदा, सावंतवाडी, आंबोली, आजरा असा रस्ता, सकाळी निघालं की दुपारी पोचतं, शिकवणं मराठीत आणि हॉस्टेल आवारातच.

शाळेच्या व्यवस्थापनाच्या मॅनेजरसाहेबांशी बोलायला ती, हेडमास्तर आणि मी असे तिघे गेलो. हेडमास्तरांना एकच काळजी होती, दहावीचं गणित. तिने आधीच लिहून नेलं होतं, कुठल्या महिन्यात कुठला धडा होतो, कुठल्या मुलांकडे लक्ष द्यायला लागेल, सराव पेपर कुठल्या कपाटात आहेत. ती चार पानं बघून मॅनेजर म्हणाले, रजा देऊ, पण परत इथेच यायचं. रजेचा ठराव झाला.

इथे एक बारकी चूक झाली. अर्जात रजेची तारीख आधीच लिहून टाकलेली, प्रवेशाच्या फेऱ्या मात्र लांबल्या, आणि दीड महिना ती ना शाळेत ना कॉलेजात, बिनपगारी घरी. ‘प्रवेश घेतल्याच्या तारखेपासून’ असं अर्जात लिहिलं असतं तर दीड पगार वाचला असता. दुसरं म्हणजे लीव्ह व्हेकन्सीवर, म्हणजे तिच्या रजेपुरत्या जागेवर, नवीन टीचर यायला वेळ लागला, तोपर्यंत तिचे तास आम्ही वाटून घेतले. सलग सहा तास शिकवून घसा बसायचा, तेव्हा तिच्याबद्दल स्टाफरूममध्ये जे बोललं गेलं ते फार चांगलं नव्हतं, आणि त्यात मीही होते.

कॅम्पसवर

पहिलं सेमिस्टर तिने जवळजवळ रडत काढलं. वर्गात बहुतेक मुलं नुकतीच बीएड झालेली, ही एकटी आई. शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, संशोधन पद्धती, सगळं वाचायचं आणि दर आठवड्याला उभं राहून मांडायचं. मेसमध्ये मासे नाहीत हे तिला सर्वात जड गेलं, म्हणजे हे ती स्वतःच फोनवर सांगायची.

पण हजेरीबद्दल तिने पहिल्या दिवसापासून एक गोष्ट केली ती मला फार महत्त्वाची वाटते. छोटी वही केली आणि प्रत्येक सेमिस्टरच्या पहिल्या पानावर किती खाडे परवडतात ते लिहिलं. सेमिस्टर शंभर दिवसांचं तर वीस खाडे. वीस दिवसांची इंटर्नशिप तर फक्त दोन. त्या वीसात चवथ (गणेशचतुर्थी), मुलीचं गॅदरिंग, सासूबाईंचा डॉक्टर, दरड पडून आंबोली बंद झाली तर त्याचा एखादा, सगळं आधीच वाटून टाकलेलं.

चवथीचं सांगते. आमच्याकडे चवथ म्हणजे काय ते गोंयकाराला सांगायची गरज नाही, शाळेला भरपूर सुट्टी, घरात पाच दिवसांचा गणपती. तिकडच्या कॅम्पसला सुट्टी मोजकीच. पहिल्या वर्षी ती पाचही दिवस राहिली आणि खाडे भरले. दुसऱ्या वर्षी आदल्या रात्री आली, पहाटे उठून सासूबाईंबरोबर माटोळी (गणपतीवरची फळापानांची छत्री) बांधली, आरती केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने परत. नणंद बोलली, “देव घरात आणि सून बसमध्ये.” सासूबाई काही बोलल्या नाहीत, डब्यात नेवऱ्या (करंज्या) भरून दिल्या.

दुसरा निर्णय : सही

तिसऱ्या सेमिस्टरला मुलीला डेंगी झाला. ही तेरा दिवस घरी. आधीचा एक खाडा होता, म्हणजे पन्नास दिवस झाले तेव्हा चौदा खाडे, हजेरी 72 टक्के. बरोबरच्या एका मुलाने अगदी चांगल्या मनाने सांगितलं की ताई, मागच्या तारखांच्या सह्या मारून टाकू, कोण बघतंय.

ती रात्री मला फोन करून हे सांगत होती आणि मी गप्प होते, कारण मागे मीच तिला अख्ख्या डिग्रीची हजेरी विकत घ्यायला सांगितलेलं. तिने स्वतःच हिशेब केला, उरले पन्नास दिवस, परवडतात सहा खाडे. डॉक्टरचे कागद घेऊन विभागप्रमुखांना भेटली, आणि आधी सूट मागितलीच नाही, म्हणाली उरलेले दिवस मी भरते, फक्त हुकलेली प्रॅक्टिकलं परत करायला द्या. त्यांनी शनिवारी दुपारी ती करून घेतली. शेवटी अठरा खाडे, 82 टक्के. पण त्याची किंमत म्हणजे सलग सात आठवडे ती घरी आली नाही, आणि आजारातून नुकती उठलेली पोर व्हिडिओ कॉलवर तोंड फिरवून बसायची. सात आठवडे हे फार होतं. तेव्हा नवऱ्याने रजा काढून मुलीला एकदा तरी तिकडे न्यायला हवं होतं असं आता दोघंही म्हणतात.

तिसरा निर्णय : विषय

प्रबंधाला गाईडचा सल्ला होता की कोल्हापुरातल्या सेमी इंग्रजी शाळा घे, दारात आहेत, एका महिन्यात काम होईल. सल्ला वाईट नव्हता. पण सेमीत गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी सगळं मराठीत चालतं, शाळेची भाषा मराठीच राहते. आमच्या पाचवीतल्या पोराला तसा आधार नसतो, त्याचा भूगोलही इंग्रजी आणि नोटीसही इंग्रजी. ती अडून बसली की माझा प्रश्न तो ‘लेफ्ट’वाला आहे, मी त्याच पोरांकडे जाणार.

मग पर्वरीला शिक्षण खात्याकडे परवानगीचा अर्ज, शाळांच्या हेडमास्तरांना पत्रं, आणि सगळं घाटावर बसून फोनवर. परवानगी आली तोवर शाळांमध्ये परीक्षा जवळ आलेल्या, जेमतेम नऊ दिवस हातात मिळाले. अर्ज दुसऱ्या सेमिस्टरच्या सुट्टीतच टाकायला हवा होता, हे ती आता प्रत्येकाला सांगते.

त्या नऊ दिवसांतले दोन दिवस ती आमच्याच शाळेत होती आणि मी मागच्या बाकावर बसून बघत होते. एकाच गणिताच्या दोन चिठ्ठ्या, एक इंग्रजी, एक मराठी, आकडे बदललेले. मूल सोडवताना ती काही बोलायची नाही, फक्त बोट कुठल्या शब्दावर थांबतं ते टिपायची. ‘ऑल्टुगेदर’वर थांबायचं, ‘ईच’वर थांबायचं, ‘लेस दॅन’वर तर बोट मागेपुढे जायचं. आकड्यांवर फारसं कुणाचं बोट थांबत नव्हतं. एकवीस वर्षं मी शिकवतेय, एवढ्या वर्षांत पोराच्या बोटाकडे मी कधी बघितलं नव्हतं. कॅम्पसवर हिने काय कमावलं ते मला त्या मागच्या बाकावर कळलं. ही बघायची सवय तिला वर्गात बसूनच लागली, बीएडच्या विद्यार्थ्यांचे पाठ रोज बघायचे, रोज लिहायचं, आणि सरांनी ते कापून परत द्यायचं, असं इंटर्नशिपभर चाललेलं. माझ्या त्या ‘हजेरीचं आम्ही बघतो’वाल्या कॉलेजातून हे आलं नसतं.

काय झालं

2024 ला एमएड पूर्ण झालं, चांगल्या मार्कांनी. शाळेत परत रुजू झाली. इन्क्रिमेंट पुढे गेलं, सोसायटीचे हप्ते दोन वर्षं नवऱ्याने हाताने नेऊन भरले होते, त्यासाठी घेतलेले उसने अजून फिटतायत.

आणि मग धक्का बसला. एका बीएड कॉलेजची जाहिरात आली, तिने अर्ज भरायला घेतला आणि पात्रता नीट वाचली. बीएडला गणित अध्यापन शिकवायचं तर एनसीटीईच्या नियमांत विषयाची मास्टर्स 55 टक्क्यांनी आणि एमएड 55 टक्क्यांनी, दोन्ही लागतात. ही बीएस्सी. म्हणजे एमएड असूनही बसत नाही. शिक्षणाचे पायाभूत विषय शिकवायचे तर सामाजिक शास्त्रातली मास्टर्स आणि एमएड, किंवा एमए एज्युकेशन आणि बीएड. म्हणजे वहीत अर्ध्या पानात काढून टाकलेला तो इग्नूचा रस्ता, तो धरला असता तर निदान कागदावर ती दारापर्यंत पोचली असती. वर नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा किंवा पीएचडी लागते ती वेगळीच.

दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. मला स्वतःला फार लागलं ते, कारण मॅनेजरसाहेब, हेडमास्तर, क्लार्क, मी, आम्ही सगळ्यांनी रजेचे नियम पानं उलटून वाचले, पण ज्या नोकरीसाठी ही चालली होती तिची पात्रता एकानेही उघडून बघितली नाही. तिच्या वहीत पाच रस्त्यांची पाच पानं होती, आणि पोचायचं कुठे त्याचं पान नव्हतं.

परत करायचं झालं तर

तिला विचारलं. कॅम्पसवर जाणं बदलणार नाही म्हणाली. आधी गणितात एमएस्सी करून घेतली असती, नोकरी सांभाळून, तेवढ्यात पाच वर्षं भरली असती आणि स्टडी लीव्हचा अर्जही टाकता आला असता. पण मग मुलगी पहिलीत. हा गुंता सुटतच नाही, कुठूनही ओढला तरी एक टोक हातातून जातंच.

माझ्या बाजूने सांगायचं तर शाळेने रजा मंजूर करतानाच बदली टीचरचा प्रस्ताव त्याच दिवशी पाठवायला हवा होता. आम्ही तिच्यावर रागावलो, राग कागद अडकला त्याचा होता.

आता जे जायचं म्हणतायत त्यांच्यासाठी एक, फेब्रुवारी 2025 मध्ये एनसीटीईने नव्या नियमांचा मसुदा काढला होता, त्यात एक वर्षाचं एमएड होतं. तेव्हा रजेचा अर्ज टाकायच्या आधी त्या वर्षी कुठला नियम लागू आहे ते बघा, आणि पात्रतेचं पान त्याच दिवशी बघा.

टीचरने आता मुक्त शिक्षणातून एमएस्सीला नाव घातलंय, रात्री मुलगी झोपली की बसते. पाचवीच्या वर्गात फळ्याच्या उजव्या कडेला तिने एक उभी पट्टी आखून घेतलीय, ती वर्षभर कुणी पुसायची नाही. वरून पहिला शब्द ‘लेफ्ट’, त्याच्यासमोर ‘उरले’, आणि खाली मुलांना अडलेले शब्द मुलं स्वतःच लिहितात. परवा मी आठवीच्या तासाला चुकून त्या वर्गात शिरले तर पट्टी खालपर्यंत भरून भिंतीवर गेली होती, खडूने.